नाकावरची चुगली

नाक सुधारून घ्यायला येणाऱ्या माणसाला आमच्या क्लिनिकमध्ये पहिला प्रश्न डॉक्टर विचारत नाहीत, मी विचारते. "कशासाठी?" उत्तरांचे मी रकाने पाडलेत. लग्न ठरत नाही, हा पहिला. लग्न झालंय आणि आता कंटाळा आलाय, हा दुसरा. कुणीतरी एकदा काहीतरी बोललं होतं आणि ते तीस वर्षं डोक्यातून गेलं नाही, हा तिसरा. हा सगळ्यांत भरलेला. बाकीचे सांगतात की त्यांना श्वासाचा त्रास होतो. त्यांनाही मी तिसऱ्यातच टाकते.

संयोगिता पिसाळ मात्र कुठल्याच रकान्यात बसल्या नाहीत. वय एक्कावन्न, राहणार ओगलेवाडी, शाळेत मुलींना कबड्डी शिकवतात. अठराव्या वर्षी चढाईत पकडीत सापडल्या आणि समोरच्या मुलीचा गुडघा नाकावर बसला. तेव्हापासून ते नाक डावीकडे निघालेलं होतं, ते निघालेलंच. श्वासाला अडचण नाही. मुलीचं लग्न वगैरे आहे का, म्हणून विचारलं, तर म्हणाल्या की ओवी पुण्याची नोकरी घरून करते आणि लग्नाचं नाव काढलं की मीटिंग आहे म्हणते. नवऱ्याला नाक आवडत नाही का? त्याला ते वाकडं आहे हेच लग्नानंतर दोन वर्षांनी कळलं.

"मग कशासाठी?"

"नाक मधोमध असतं असं ऐकलंय मॅडम," त्या म्हणाल्या. "एकदा बघावं म्हटलं."

मला बाई आवडली. तिथंच माझी चूक झाली, कारण आवडलेल्या माणसाचं मी सगळं खरं मानते.

माझी नोकरी काय, ते सांगते, कारण दहा वर्षांपूर्वी ही नोकरीच नव्हती. पूर्वी नाकाची शस्त्रक्रिया झाली की सूज उतरायची वाट बघायची आणि वर्षभराने जे दिसेल ते आपलं मानायचं. आता आमच्या डॉक्टर खराडे कानामागून कूर्चेचा, म्हणजे मऊ हाडाचा, तांदळाएवढा तुकडा घेतात, त्यातल्या पेशी वाढवतात आणि एका बारीक जाळीवर पेरून ती जाळी नाकात बसवतात. नाकाचा आकार आधी जाळी धरते. चार आठवड्यांत जाळी विरघळून जाते आणि तोवर पेशींनी स्वतःची कूर्चा उभी करायची असते. म्हणजे शर्यत आहे. जाळी आधी गेली तर नाक बसतं, कूर्चा आधी आली तर नाक उभं राहतं.

आता कूर्चा ही मोठी मिजासखोर वस्तू. तिला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. वरच्या कातडीत जे रक्त येतं, त्यावर ती जगते, शेजाऱ्याच्या नळावर पाणी भरणाऱ्या घरासारखी. शेजाऱ्याचा नळ बारीक झाला की हिचा हंडा रिकामा. आणि तो नळ बारीक करणाऱ्या गोष्टी सगळ्यांना माहीत आहेत: तंबाखू, साखर, जागरण, डोक्याचा ताप. माहीत आहेत आणि सगळे त्याबद्दल खोटं बोलतात.

म्हणून नाकावर पट्टी. बाहेरून साधी, कातडीच्या रंगाची. आतल्या बाजूला केसाहून बारीक शेकडो सुया, त्या कातडीखालचं पाणी चाखत राहतात आणि रक्ताचा वेग, साखर, निकोटिन, तणावाचं रसायन असं सगळं दर मिनिटाला माझ्या पडद्यावर पाठवतात. कूर्चा किती घट्ट झाली, त्याचाही एक आकडा येतो, त्याला भरणांक म्हणतात. जाळी विरघळते त्या अठ्ठाविसाव्या दिवशी साठ हवा. कमी असला तर डॉक्टर उरलेलं सगळं काढून घेतात, नाहीतर ते आत सडतं. आणि पन्नाशीनंतर कानामागची कूर्चा एकदाच उपयोगी पडते. दुसरी संधी नाही. कंपनीने पट्टीला लांबलचक इंग्रजी नाव दिलंय. आम्ही तिला चुगली म्हणतो.

पडद्यावर आलेल्या चुगल्या वाचायच्या आणि माणसाला गोड बोलून सरळ करायचं, ही माझी नोकरी.

शस्त्रक्रिया झाल्यावर संयोगिताबाई पाच दिवस आमच्याकडे होत्या. भरणांक चौदा, उत्तम. बाई मात्र कुरकुरत्या. डोकं दुखतंय, चहात काही राम नाही, पेपर वाचवत नाही. मी लिहून ठेवलं: नाकात बोळे, म्हणून चिडचिड. सहाव्या दिवशी घरी गेल्या आणि संध्याकाळी पडद्यावर निकोटिन.

तंबाखूच्या प्रश्नाला त्यांनी माझ्यासमोर "नाही" म्हटलं होतं. विडी, सिगारेट, गुटखा, वेप, एकेक विचारलं होतं आणि प्रत्येक वेळी त्या हसल्या होत्या. शिवाय पाच दिवस पट्टी कोरी होती. म्हणजे घरात दुसरं कुणीतरी ओढतंय आणि धूर हिच्या नाकात जातोय. डॉक्टर म्हणाल्या, दुसऱ्याच्या धुराने इतका आकडा येत नाही. मी म्हटलं, घर लहान असेल. बाईंचं नाव मी आधीच खरं बोलणाऱ्यांत लिहिलं होतं आणि शाईने लिहिलेलं खोडायचा मला कंटाळा.

मी फोन केला. फोनवर अख्खं घर होतं. सांगितलं की तुमच्यापैकी कुणाच्या तरी तंबाखूमुळे यांचं नाक धोक्यात आहे, नाव मला कळलं नाही तरी चालेल, पण थांबवा.

अशा वेळी घरात काय होतं याचा मला चांगला अनुभव आहे. ज्याच्यावर कुणाचाच संशय नाही तो आधी कबूल होतो. तिसऱ्याच दिवशी बाईंचे यजमान उदयसिंह पिसाळ क्लिनिकच्या दारात उभे. हे साखर कारखान्यात ऊस तोलायच्या काट्यावर असतात. काटा आता आपोआप चालतो, पण त्यावरची भांडणं आपोआप मिटत नाहीत म्हणून माणूस ठेवलाय. त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं की काट्यामागे दिवसाला दोन सिगारेटी होतात, एकोणीस वर्षं, घरी माहीत नाही. मी विचारलं, घरात ओढता? घरात नाही, पण शर्टाला वास येत असेल. मी म्हटलं, सोडा. त्यांनी त्याच दिवशी सोडल्या आणि संध्याकाळी बायकोला सांगितलंही. बाई म्हणाली म्हणे, "मला दुसऱ्या वर्षीच कळलंय. बडीशेप कोण एवढी खातं?"

दुसऱ्या दिवशी ओवीचा मेसेज. गच्चीत वेप. तोही बंद झाला. एका पट्टीने दोन दिवसांत दोन व्यसनं सोडवली आणि मी स्वतःवर खूश होते. पण निकोटिन होतं तिथंच. बाराव्या दिवशी भरणांक एकवीस. जिथं छत्तीस हवा होता.

तेव्हा मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. आकडे सोडून वेळा बघितल्या. दिवसातून चार वेळा निकोटिन चढत होतं आणि सगळ्यांत जास्त दुपारी चारला. चारला नवरा कारखान्यात असतो. आणखी एक विचित्र गोष्ट होती. निकोटिन चढतं तेव्हा रक्ताचा वेग पडतो, तो पडत होता. पण नेमकं त्याच अर्ध्या तासात तणावाचं रसायन दिवसातल्या सगळ्यांत खालच्या पातळीला यायचं. झोपेतसुद्धा इतकं खाली नाही. निकोटिनने कुणाचा जीव शांत होतो, हे खरं. पण मग बाकीच्या तीन वेळी का होत नाही?

तेराव्या दिवशी चारला मी न सांगता ओगलेवाडीत. पुढचं दार उघडं, घरात कुणी नाही. मागच्या दारी पायरीवर दोघी बसलेल्या. संयोगिताबाई नाकावर पट्टी लावून, आणि त्यांच्या डाव्या हाताला त्यांच्या सासूबाई, शालनबाई, वय एकोणऐंशी, पाय पसरून. दोघींच्या मध्ये चपटा डबा. दोघींच्या डाव्या तळहातावर काळी पूड, उजव्या हाताचं पहिलं बोट तोंडात. संयोगिताबाई कुठल्याशा पंचाची नक्कल करून दाखवत होत्या आणि सासूबाई तोंड मिटून हसत होत्या, कारण उघडलं असतं तर काळं ओघळलं असतं.

मिसरी. काही जण मशेरी म्हणतात. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, पूड करायची आणि दातांना लावायची.

"या की मॅडम," शालनबाईंनी बाजूला तोंड मोकळं करून म्हटलं. "चिमूटभर घ्या. ताजी भाजलिया."

मी खाली बसले. संयोगिताबाईंना म्हटलं, तुम्ही मला तंबाखू नाही म्हणाला होता.

"नाहीच की," त्या म्हणाल्या. अगदी निर्मळ चेहऱ्याने. "तंबाखू कुठं, ही मिसरी आहे. दाताला."

"तंबाखूची असते ती."

"तंबाखूची आसती," शालनबाईंनी मला समजावलं, "पण भाजल्यावर तंबाखू कुठं ऱ्हाती? च्याच्या पावडरीला कोण झाड म्हंतंय का?"

मला हसू आलं नाही, कारण मला माझी आई आठवली. तिच्या दवाखान्याच्या कागदांवर तंबाखूपुढे मीच 'नाही' लिहायची आणि त्याच वेळी ती न्हाणीत मिसरी लावत असायची. विचारलं असतं 'दात कशाने घासता', तर पिसाळांच्या घरातून पहिल्या दिवशी खरं उत्तर आलं असतं. क्लिनिकमध्ये पाच दिवस बाईंनी पेस्ट वापरली, कारण मिसरी ही घरची, या पायरीवरची गोष्ट. पट्टी कोरी राहिली आणि बाईंचं डोकं दुखलं. सगळं समोर होतं. मी बोळ्यांना दोष दिला.

पट्टीचे आकडे दाखवल्यावर संयोगिताबाईंनी वाद घातला नाही. खेळाडू बाई, गुणफलक मानतात. तळहात झटकला, चूळ भरली आणि म्हणाल्या, आजपासून बंद. शालनबाईंनी डब्याचं झाकण लावलं आणि डबा घेऊन आत गेल्या.

डॉक्टर खराड्यांनी माझ्यासारखंच चारच्या त्या अर्ध्या तासाकडे बोट दाखवलं. म्हणाल्या, विष आणि औषध एकाच मिनिटाला आत येतंय. पूड काढा, बसणं काढू नका. मला वाटलं सोपं आहे.

सोपं कुठलं? पूड गेली तसं बसणंही गेलं. शालनबाई चारला पुढच्या खोलीत टीव्हीसमोर बसायला लागल्या. संयोगिताबाई पायरीवर एकट्या. त्यांनी मला फोनवर सांगितलं की सत्तावीस वर्षांत सासूशी जे काही बोलणं झालं ते त्या पायरीवर झालं. स्वयंपाकघरात दोघींचं एकदाही जमलं नाही, मिठावरून अजून वाजतं. पण चारला पायरीवर बसलं की सगळं मिटतं. आता बोलायला जावं तर सुचत नाही. बोटाला काम नसेल तर तोंड काय करणार?

शिवाय संशय. घरात मिसरीचा वास येतो, असं संयोगिताबाईंना वाटायचं. आत्याबाई, म्हणजे सासू, न्हाणीत दार बंद करून लावतात, त्यांना माझ्या नाकाची काय पडलीय. त्या हे सासूला बोलल्या नाहीत. पट्टीला मात्र कळत होतं. निकोटिन शून्य आणि तणाव आभाळात. तणावानेही नळ बारीकच होतो. सतराव्या दिवशी भरणांक सत्तावीस. उरले अकरा दिवस. पहिल्या पाच दिवसांसारखा वेग पुन्हा आला, दिवसाला तीन, तरच साठ, आणि तेही काठावर.

मी गोड बोलून बघितलं. विड्याचं पान सुचवलं, भाजलेल्या बदामाच्या सालीची पूड सुचवली. शालनबाईंनी ती बोटावर घेऊन परत माझ्या हातावर ठेवली.

अठराव्या दिवशी सकाळी क्लिनिक उघडायच्या आधी बाकावर शालनबाई. एकट्या बसने आलेल्या, पदर डोक्यावरून घट्ट.

"ती पट्टी मला लावा," त्या म्हणाल्या.

मी विचारलं, तुमच्या नाकाला काय झालंय?

"नाकाला काय हुतंय. सुनंच्या मनात किडा शिरलाय. म्या चोरून लावती आसं तिला वाटतंय, त्वांडानं बोलत न्हाई, पर घरात वास घेत फिरती. जिला वास घ्यायला बी नीट नाक न्हाई." मग पदर आणखी ओढून, "पाच दिस झालं, म्या बोट लावल्यालं न्हाई. बत्तीसातलं जे नऊ दात ऱ्हायल्यात ते बी शिवशिवत्यात. सांगितलं तर कोण खरं मानंल? डबा माझा हाय. पट्टी खोटं बोलत न्हाई म्हंतासा न्हवं?"

नियमाप्रमाणे पट्टी फक्त शस्त्रक्रिया झालेल्यांना. पण मुदत संपलेल्या, वर दिवे असलेल्या जुन्या पट्ट्यांचा एक डबा माझ्या कपाटात असतो. त्यांतल्या एकीचं सगळं बंद पडलं होतं, फक्त निकोटिनचा दिवा चालू होता. तंबाखू दिसली की लाल, नाहीतर हिरवा. मी ती त्यांच्या सरळसोट, धारदार नाकावर लावली. आरशात बघून त्यांनी पदर नीट केला.

पुढचं मला तिघांनी तीन तऱ्हांनी सांगितलंय, त्याची बेरीज अशी. शालनबाई घरी गेल्या आणि चारला जाऊन पायरीवर बसल्या. नाकावर हिरवा दिवा. संयोगिताबाई मागच्या दारात आल्या, दिव्याकडे बघत उभ्या राहिल्या. सासूने विचारलं, "झालं वास घ्यून?" सून खाली बसली. दहा मिनिटं गेली. तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारणीने विचारलं, "काय ओ मावशी, तुमचं पण नाक केलं का?"

"व्हय," शालनबाई म्हणाल्या. "हिचं सरळ क्येलं, माझं वाकडं करून मागितलंय. घरात एक तर पायजेच."

माझ्या पडद्यावर चार वाजून बारा मिनिटांनी तणावाची रेघ कोसळली. मी डॉक्टरांना हाक मारून दाखवली. दोघी काय बोलल्या ते पट्टी सांगत नाही, आणि तेवढं एक बरं आहे.

पायरी सुरू झाली. हाताला काम म्हणून दोघी शेंगा सोलायच्या. सगळ्या ओगलेवाडीला पुरेल एवढं कूट झालं. पडद्यावर एक नवीन गोष्ट दिसायला लागली: दिवसातली निम्मी वाढ दुपारी साडेचार ते सहाच्या मध्ये व्हायची. मोकळ्या झालेल्या नळातून हंडा भरत होता. चोविसाव्या दिवशी शालनबाईंचा दिवा लाल झाला, भर पायरीवर, सुनेसमोर. त्यांनी सांगितलं की दळण आणायला गेल्यावर वेशीपाशी एका मैत्रिणीने हातावर ठेवली आणि हाताला सवय होती. संयोगिताबाईंनी म्हणे फक्त एवढंच केलं की शिट्टी वाजवली, शाळेत पंच म्हणून वाजवतात तशी, आणि बोट दाखवून सासूला बाद केलं. शालनबाई उठून पाच मिनिटं अंगणाच्या रेघेबाहेर उभ्या राहिल्या. सुनेची तणावाची रेघ मात्र एवढ्यानेही वर गेली नाही.

अठ्ठाविसावा दिवस. सकाळी भरणांक अठ्ठावन्न.

डॉक्टर खराडे नियमांच्या कडक. साठ म्हणजे साठ. पण दिवस संध्याकाळी सहाला संपतो, असं मी म्हटलं, आणि वेळांचा तक्ता पुढे ठेवला. त्यांनी तक्ता बघितला, मग मला बघितलं, आणि सामानाची पेटी गाडीत ठेवायला सांगितली. काढायचं असेल तर काढायची हत्यारं, नसेल तर पट्टी कापायची कात्री.

चारला आम्ही पिसाळांच्या मागच्या दारी. उदयसिंह रजा टाकून घरी, एकसारखी बडीशेप खात. आता खरोखरच सवय म्हणून. ओवीने मीटिंग रद्द केली होती, हे घरात पहिल्यांदाच. दोघी पायरीवर, नेहमीप्रमाणे सासू डाव्या हाताला. शेंगांचं सुपडं मध्ये. आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत उभे, त्यामुळे त्यांना काही बोलता येईना. तणावाची रेघ वर चढायला लागली.

"तुमी समदी आत जावा," शालनबाई म्हणाल्या. "लोकांफुडं कुणाची कुचाळकी करायची?"

आम्ही आत गेलो. स्वयंपाकघरात मी पडदा मांडीवर घेऊन बसले. बाहेरून कुजबूज, मग हसण्याचा आवाज. रेघ उतरली. पाच वाजता एकोणसाठ. साडेपाच, एकोणसाठ. डॉक्टर घड्याळाकडे बघत नव्हत्या, म्हणजे त्यांचं सगळं लक्ष घड्याळातच होतं. उदयसिंहांची बडीशेप संपली. पावणेसहा झाले आणि आकडा हलला.

"साठ," मी म्हटलं. ओवीने पडदा माझ्या हातातून काढून घेऊन स्वतः बघितला. या घरात कुणी कुणाचं ऐकून मानत नाही.

डॉक्टरांनी पायरीवरच पट्टी काढली. सूज थोडी होती, ती उतरायला महिने लागतील, पण नाक सरळ खाली आलेलं. ओवीने आरसा धरला. संयोगिताबाई बराच वेळ बघत राहिल्या. उजव्या बाजूने बघितलं, डाव्या बाजूने बघितलं, मग समोरून.

"आहे खरं मधोमध," त्या म्हणाल्या. आणि डोळे पुसले, पण नाकाला धक्का न लावता. एवढं मी शिकवलेलं लक्षात होतं.

नवऱ्याने छान दिसतंय म्हटलं. ओवीने फोटो काढला. शालनबाई मात्र डाव्या हाताला बसून सुनेकडे बघत होत्या, मान इकडे करून, मान तिकडे करून.

"काय हो आत्याबाई? चांगलं नाही दिसत?"

"चांगलं दिसतंय. पर हिकडनं गाल दिसतोय नुसता." त्यांनी बोटाने तो गाल दाखवला. "सत्तावीस वर्सं नाक माझ्याकडं वळल्यालं हुतं. वाटायचं, माझंच ऐकतिया."

संयोगिताबाईंनी मान डावीकडे वळवली. गोड बोलायचा मला पगार मिळतो, पण तिथं माझं काम नव्हतं.

शालनबाई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. मी त्यांच्या नाकावरच्या पट्टीला हात घातला, म्हटलं आता ही काढू या. त्यांनी माझा हात बाजूला केला. ऱ्हाऊ द्या, म्हणाल्या, वेशीपाशी मैत्रीण अजून हाय. न्हाणीच्या दाराशी बादली होती. ती त्यांनी उचलून आणली, पायरीच्या बरोबर समोर पालथी घातली, आणि सुनेच्या नाकासमोर नाक येईल अशा बेताने तिच्यावर बसल्या.

"हं," त्या म्हणाल्या, "मग त्या पंचाचं काय झालं?"